चाळीस बस आणि एक फोन

दुपारी वीज इतकी झाली, की घेणारंच कोणी नाही म्हणून काही सोलर पॅनेल बंद ठेवावी लागली. आणि आता संध्याकाळी सात वाजता तीच वीज पुरेना! हे कोडं रेवाला काही केल्या सुटेना.

साल २०४६. चंद्रपुरात सलग नऊ दिवस पारा सत्तेचाळिसावर होता. रेवाची सुलभाआत्या शहराच्या वीज नियंत्रण कक्षात इंजिनिअर होती. नऊ दिवसांत तिची धड झोप झाली नव्हती. शाळेला सुट्टी, म्हणून रेवा तिच्याबरोबर आली होती.

"आत्या, दुपारची वीज आता का नाही वापरत?"

आत्याने डोळे चोळले. "समतोल, तूच सांग रे हिला. माझ्यात त्राण नाही."

समतोल हा तिथला यंत्रमानव. तो म्हणाला, "ग्रिडमध्ये (वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्यात) वीज साठून राहत नाही, रेवा. जितकी तयार होते, तितकी त्याच क्षणी वापरावी लागते. मोठ्या बॅटऱ्या आहेत, पण त्या पुरत नाहीत. आता सूर्य मावळला आणि घरोघरी एसी जोरात चाललेत."

"मग?"

"मग एकेका वस्तीची वीज तासभर बंद करायची," आत्या म्हणाली. "आज आपल्या वस्तीची पाळी."

घरी आजोबा ऑक्सिजनच्या यंत्रावर होते. त्याची बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकायची. आत्याला हे सांगायची गरज नव्हती. ते तिचेच वडील होते.

"थोडं थांबू शकेल असं शहरात कुणीच नाही का?"

"बस आगार," समतोल म्हणाला. "चाळीस बस आत्ताच चार्जिंगला लागल्यात. निघायच्या आहेत पहाटे पाचला. त्या मिळून तुमच्या वस्तीएवढी वीज ओढतात."

"दोनदा पत्र पाठवलं त्यांना. उत्तर नाही," आत्या म्हणाली.

"मग फोन कर ना, आत्या!"

आत्याने फोन लावला आणि रात्री दहापर्यंत बसचं चार्जिंग थांबवायची विनंती केली. आगारप्रमुख गोडघाटे वैतागलेच. "मॅडम, आमचीही माणसं दमलीत. पहाटे गाडी चार्ज नसली तर लोकांची बोलणी मी खायची!"

"दहानंतर मागणी उतरते. चारपर्यंत सगळ्या गाड्या पूर्ण चार्ज होतील. माझा शब्द."

पलीकडून वेळापत्रकाची पानं चाळल्याचा आवाज आला. मग, "बरं. चार्जिंगवरून काढतो गाड्या."

पडद्यावरची मागणीची रेघ हळूहळू खाली आली. कुठलीच वस्ती अंधारात गेली नाही.

"लवचीक ग्रिड म्हणतात ती ही," समतोल म्हणाला. "मागणी वाढली की दरवेळी नवं वीजकेंद्रच लागतं असं नाही. जे काम थांबू शकतं, ते वीज मुबलक असताना करायचं."

तेवढ्यात गोडघाट्यांचाच फोन आला. "मॅडम, दुपारी बारा ते तीन माझ्या पंधरा गाड्या नुसत्या उभ्या असतात. तेव्हाच चार्ज करून घेऊ का?"

"घ्या. उद्यापासूनच घ्या."

"आत्या, पाण्याच्या टाकीचे पंपपण संध्याकाळीच का चालवतात गं?" रेवाने विचारलं.

आत्याने खुर्चीत मान मागे टाकली होती. "उद्या विचारू पाणीखात्याला," ती पुटपुटली. "आधी मला दहा मिनिटं झोपू दे."