टर्बेलचा पहारा

सन १८८७. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, दुपारचे तीन. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, आपल्या गावच्या सभागृहात ओबेड फिस्क जुन्या सोबत्यांत बसला होता. यादवी युद्धात लढलेल्या त्यांच्या स्वयंसेवक पलटणीचा इतिहास कॅप्टन वेनराइटनं लिहिला होता. छापायला देण्याआधी तो वाचून दाखवत होता.

"झोपू नकोस, फिस्क," लंगडा पेरी कुजबुजला. "तुझे जुलाबही आलेत त्यात."

कुणीतरी हसलं. कॅप्टननं पान उलटलं.

"सायलस टर्बेल. नदीकाठच्या पहाऱ्यावरून पळाला."

ओबेडच्या मुठी वळल्या. त्या रात्रीचा पहारा ओबेडचा होता. जुलाबांनी तो आडवा झाला, तेव्हा सायलस म्हणाला होता, "पड तू. एक पहारा उधार." मध्यरात्री पलटण गुपचूप मागं सरली. सायलसला परत बोलवायचं कॅप्टन विसरला. सायलस पुन्हा कुणाला दिसला नाही. ओबेडला ते ठाऊक होतं. पण तोंड उघडलं असतं, तर सार्जंटच्या पट्ट्या मिळाल्या नसत्या.

बाहेर पावलं वाजू लागली. बारा पावलं, टाच वळल्याचा आवाज, पुन्हा बारा. सभागृहात गाळाचा कुबट वास पसरला.

पेरी तंबाखू थुंकायला बाहेर गेला आणि लगेच परतला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बंदूक रोखली रे त्यानं... म्हणतो, बदली पहारेकरी आल्याशिवाय कुणाला बाहेर सोडणार नाही..."

"कोण?"

"ओलाचिंब होता... चेहरा... चेहरा उरला नव्हता..."

"दारू चढलीय याला," कॅप्टन म्हणाला. "पुढं वाचू."

ओबेड उठला.

"पुढं काय वाचता? तुम्ही त्याला तिथं विसरलात, साहेब! वर पळपुटा म्हणता? गावानं त्याच्या आईशी बोलणं टाकलं. खाली मान घालून मेली ती. आणि मी हरामखोर, तेवीस वर्षं गप्प बसलो. खोडा ती ओळ!"

"फिस्क, पलटणीची अब्रू..."

"खोडा म्हणतो ना!"

कॅप्टननं ओळ खोडली. ओबेडनं दरडावून सांगितलं तसं लिहिलं: 'हुकमाप्रमाणे पहाऱ्यावर राहिला. आम्ही त्याला सोडून आलो.'

सगळे कान देऊन बसले. पावलं थांबली नाहीत. बारा. टाच. बारा.

ओबेडनं कोटाच्या गुंड्या लावल्या.

"जाऊ नकोस, म्हाताऱ्या..." पेरीनं त्याची बाही धरली.

"सोड. पहारा माझा आहे."

त्यानं दार उघडलं आणि मागं ओढून घेतलं. आतल्यांना त्याचा आवाज ऐकू आला.

"सायलस... मी ओबेड. बदलीला आलोय. जा तू."

कुणीतरी लांब श्वास सोडला. तो ओबेडचा नव्हता. मग पावलं पुन्हा सुरू झाली. म्हातारी, जड पावलं.

पहारा दोन तासांचा असे. दोन तास कुणी जागचं हललं नाही.

पाच वाजून गेल्यावर ओबेड आत आला. बाहेर लख्ख ऊन होतं. तो छातीपर्यंत भिजलेला होता.

"फिटलं," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.