कच्चा कांदा की परतलेला?

तिसरी बाटली उघडली, रोवेनाने पेला नाकाशी नेला, आणि हात जेवढा लांब जाईल तेवढ्या लांब नेऊन तो टेबलावर ठेवून दिला.

“ऑर्व्हिल, तुम्ही दुपारी काय खाल्लंत?”

“सफरचंद. का गं?” शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या परीक्षकाने विचारलं.

“मग हा वास बिअरचाच आहे.”

याकिमा गावच्या जत्रेच्या मैदानावरचा पत्र्याचा हॉल जूनच्या उन्हात तव्यासारखा तापला होता. घरी बिअर करणाऱ्यांच्या स्पर्धेचा दिवस. बाटल्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. बाटली कुणाची हे परीक्षकांना कळत नसे, आणि रोवेना हॅल्व्हर्सनची जीभ बघता ते बरंच होतं.

“लिहा,” ती बाटल्या आणून देणाऱ्या माणसाला म्हणाली. नेहमीचा स्वयंसेवक आला नव्हता म्हणून त्याला ऐनवेळी या टेबलावर उभं केलं होतं. उंच, उन्हाने रापलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. “लिहा... ही बिअर नाही. कालच्या बर्गरमधला कांदा आहे. वर लसूण. हा प्रकार घशाखाली उतरवण्यापेक्षा मी भांडी घासायचं पाणी पिईन.”

“भांड्यांचं पाणी—हेही लिहू?” त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

“हो, लिहा.”

त्याने लिहिलं. सुवाच्य अक्षरात, सावकाश. मग पेन तसंच कागदावर टेकवून तो म्हणाला, “कांदा कच्चा की परतलेला?”

“काय?”

“नाही, म्हणजे... वास. कच्च्या कांद्याचा, की तेलात परतलेल्या?”

रोवेनाने त्याच्याकडे पाहिलं. डोळे करडे होते, आणि त्यात चेष्टेचा मागमूस नव्हता. तिने वैतागून पेला पुन्हा उचलला, पुन्हा हुंगला. “कच्चा. आणि खाली कुठेतरी... संत्र्याची साल. पण कांदा तिला वर येऊच देत नाहीये.”

“संत्रं!” त्याचा चेहरा एकदम उजळला. “नक्की?”

संध्याकाळी आकड्यांपुढची नावं फळ्यावर लागली तेव्हा रोवेनाला पत्ता लागला. कांद्याची बिअर: एमिल थिबोडो, गाव मॉक्सी. आणि शेजारी उभ्या असलेल्या त्या बाटल्या आणणाऱ्याच्या छातीवर, तिने दिवसभर न वाचलेल्या पट्टीवर लिहिलं होतं, एमिल थिबोडो.

“तुम्ही सांगायचं तरी!” ती कानापर्यंत लाल झाली. “मी एवढं बोलले—”

“सांगितलं असतं तर तुम्ही खरं बोलला असतात?” तो म्हणाला. “त्यात घातलेला हॉप आमच्या शेतातला आहे. आठ वर्षांत संत्रं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

वर हसलाही. रागावला असता तर तिला झोप लागली असती. हा माणूस हसला.

*

रोवेना दातांच्या दवाखान्यात दात साफ करायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात डोकावायचं. स्पर्धेनंतरच्या मंगळवारी अकरा वाजता खुर्चीत येऊन कोण बसावं? एमिल थिबोडो.

“दात दुखतायत?”

“नाही.”

“मग?”

“तुमचं नाक हवंय.”

“आ करा,” ती म्हणाली, आणि त्याला पुढे बोलताच येणार नाही अशी व्यवस्था करून टाकली. पण हा गडी आरसा आणि नळी तोंडात असतानाही बोलत राहिला. “ऑगऽऽट... वेई... आठवडे...”

“गप्प बसा, नाहीतर हिरडी कापली जाईल.”

चूळ भरल्यावर त्याने नीट सांगितलं. हॉपची बोंडं बिअरला कडवटपणा देतात आणि वासही. त्यांच्या शेतात चार जाती होत्या. तीन लाडक्या आणि एक समिट, ज्याचं नाव काढलं तरी लोक नाक मुरडायचे. बोंडं वेलीवर जास्त दिवस राहिली की समिटमध्ये कांदा शिरतो, असं एमिलचं म्हणणं. पण वाळवायची भट्टी एकच, आणि तिच्यात आधी लाडक्या जातींचा नंबर. समिट आपली शेवटपर्यंत वेलीवर. यंदाही कांदाच निघाला तर सगळ्या वेली उपटायच्या, असं शेत सांभाळणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीने, सिलेस्टने, ठरवलं होतं. वेली वडिलांनी लावलेल्या. त्यांच्या हातची ती शेवटची लागवड.

“संत्रं कोणत्या दिवशी असतं आणि कांदा कोणत्या दिवशी शिरतो, हे मला कळत नाही,” एमिल म्हणाला. “रोज त्याच वासात असतो ना मी. म्हणून तुमचं नाक...”

“एवढं नाक नाक करताय, बाकीची मी नको की काय?” ती बोलून गेली, आणि हातातली नळी धुवायला एकदम पाठमोरी झाली. त्या नळीला धुण्यासारखं काही नव्हतं.

मागे खुर्ची करकरली. मग, “बाकीच्या तुम्हीही आलात तर... चालेल.”

चालेल! रोवेनाने डोळे मिटून घेतले. चालेल म्हणतो.

*

तिने लगेच हो म्हटलं नाही. घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबच्या जुलैच्या बैठकीला तो आला तोपर्यंत तर मुळीच नाही. ऑर्व्हिलच्या गॅरेजमध्ये वीसेक माणसं, आणि त्या महिन्याचा विषय होता नावडता हॉप. सेक्रेटरी म्हणून रोवेना टिपून घेत होती.

“सोराची एस!” कुणीतरी ओरडलं. “सगळी बिअर शेपूची होते. लोणच्याच्या बरणीत तोंड घातल्यासारखी.”

“क्लस्टर. आमच्या मांजराने कोपऱ्यात केलं की असाच वास येतो.”

“चिनूक. जमीन पुसायचं औषध.”

“हे सगळे परवडले,” ऑर्व्हिल हात वर करून म्हणाला. “समिट. माझ्या बायकोने ती बिअर एकदा चाखली आणि सूप म्हणून गरम करायला ठेवली.”

गॅरेज हसून लोटपोट झालं. सगळ्यांत मागे, घडीच्या खुर्चीवर, एमिल वहीत लिहीत होता. शेपू, मांजर, औषध, सूप. कुणी विचारलं असतं तर आपल्या शेतात समिट आहे हे त्याने सांगितलंही असतं. पण स्वतःहून? छे. तो समिटची बाजूच घेईना!

“त्यात संत्रंही आहे,” रोवेना एकदम म्हणाली.

“कशात?”

“समिटमध्ये. वेळेवर काढला तर.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. जूनमध्ये भांड्यांच्या पाण्याची गोष्ट हिनेच सगळ्यांना सांगितली होती. एमिलनेही वहीतून मान वर केली, आणि त्याच्या त्या बघण्याने तिच्या हातातलं पेन भलतीकडेच सरकलं. कागदावर रेघ उमटली.

घरी जाताना ती स्वतःवरच चिडली होती. न आवडणाऱ्या हॉपची वकिली, तीही फुकट!

*

शेवटी तिने हो म्हटलंच, आणि ऑगस्टच्या वीस तारखेपासून ती रोज दवाखाना सुटल्यावर पंधरा मैल गाडी चालवत शेतावर जाऊ लागली. उघड्या टेकड्यांवरून कोरडा वारा यायचा, आणि खाली हॉपच्या हिरव्या भिंती. समिटच्या वेली बाकीच्यांच्या निम्म्या उंचीच्या. एमिल बोंड तोडायचा, तळहातावर चुरडायचा, आणि हात तिच्यापुढे धरायचा. पिवळी भुकटी बोटांना चिकटलेली. ती वाकून वास घ्यायची.

“गवत.”

दुसऱ्या दिवशी, “अजून गवतच. जरासं लिंबू.”

सहाव्या दिवशी त्याने हात पुढे केला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. धरायची गरज नव्हती. दोघांनाही ते माहीत होतं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते मात्र दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

“काय?” त्याने हळूच विचारलं.

“थांब ना... अजून कळत नाहीये.”

खरं तर कळलं होतं. गवत. पण ती उत्तर द्यायला चांगली दोन मिनिटं लावत होती.

सप्टेंबरच्या चार तारखेला तिने वास घेतला आणि ताठ उभी राहिली. “संत्रं. एमिल, नुसतं संत्रं! आज काढ. उद्यासुद्धा नको.”

तो धावतच भट्टीच्या शेडकडे गेला, ती मागोमाग. सिलेस्ट तिथे घामाने निथळत उभी होती. आतल्या तिन्ही मजल्यांवर लाडकी बोंडं वाळत होती.

“समिट? आज?” ती म्हणाली. “जागा कुठंय? दहा दिवस थांब.”

“दहा दिवसांत कांदा होईल.”

“असं कोण म्हणतं?”

“रोवेना.”

“रोवेना कोण?”

एमिलने तोंड उघडलं. रोवेना दारात उभी होती. सोळा दिवस, रोज तीस मैल जाऊन येऊन. केसांत पानं, हातावर वेलीचे ओरखडे.

“त्या... क्लबच्या सेक्रेटरी,” एमिल म्हणाला.

रोवेनाने केसांतली पानं झटकली. वळली, गाडीपर्यंत चालत गेली. तो मागे आला तेव्हा तिने काच फक्त चार बोटं खाली केली.

“रोवेना, काय झालं?”

“सेक्रेटरीचं काम झालं,” ती म्हणाली. “इतिवृत्त टपालाने पाठवते.”

*

नऊ दिवस काहीच नाही. त्या नऊ दिवसांत रोवेनाने किती जणांच्या हिरड्या जरुरीपेक्षा जास्त जोरात घासल्या ते त्या हिरड्यांनाच ठाऊक.

दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, तर दवाखान्याच्या पार्किंगमध्ये त्याचा ट्रक. एमिल बाजूला उभा. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, खरवडलेले, पुरळ उठलेले.

“हे काय करून घेतलंस?” न बोलण्याचा निश्चय तिथेच मोडला.

“तू गेलीस त्या संध्याकाळी समिटच्या दोन ओळी काढल्या. हाताने. खिडक्यांच्या जाळ्या काढून त्यांच्यावर वाळवल्या, पंखा लावून.” त्याने कागदी पिशवी पुढे केली. “बघ.”

तिने पिशवीत तोंड घातलं. संत्रं. उन्हातलं, नुकतं सोललेलं. तिला एकदम रडूच येईल असं वाटलं, म्हणून ती आणखी थोडा वेळ पिशवीतच राहिली.

“आणि बाकीच्या?”

“सिलेस्टने काल काढल्या. कांदा.” तो जमिनीकडे बघत होता. “दोन ओळींसाठी भट्टीचा क्रम बदलता येत नाही म्हणते. मार्चमध्ये वेली उपटणार. तिचं चूक नाहीये गं. मी तिला हो म्हटलं.”

“तुझे वडील...”

“हो.” तो म्हणाला, “पण त्यांचं बरोबर होतं हे तरी कळलं. लावला तो संत्र्यासाठीच.”

तिने पिशवीचं तोंड दुमडून ती त्याच्या हातात दिली. “मग आता नाकाचं काम संपलं. का आलास?”

“ते... म्हणजे, जाळ्यांवर वाळवताना मी विचार करत होतो की आर्द्रता जर—”

“एमिल!”

“हं?”

“मी रोज पंधरा मैल गाडी चालवत यायचे. कांद्याचा वास घ्यायला कोण येतं एवढ्या लांब? विचार कर. जूनचा सप्टेंबर झाला! आणि तू मला आर्द्रता सांगतोस?”

त्याचे कान लाल झाले. पिशवी या हातातून त्या हातात गेली. “मला बोलताना... आधी नीट ठरवावं लागतं. सिलेस्टने विचारलं तेव्हा ठरवलेलं नव्हतं. मी त्याच रात्री तिला सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“की ती मला आवडते. फार. आणि ती आत्ताच निघून गेलीय आणि मी गाढव आहे.”

“मग?”

“सिलेस्ट म्हणाली, ते तिला आधीपासून माहीत होतं. गाढवाचं.”

रोवेनाला हसू आलं. दाबता येईना. “हे तिला सांगून काय उपयोग? मला सांग.”

“आवडतेस,” एमिल म्हणाला. आणि मग, एखादं ओझं खाली ठेवल्यासारखा श्वास सोडून, “फार आवडतेस, रोवेना.”

“तो हॉप मला अजूनही आवडत नाही हं. आधीच सांगते.”

“माहितीये.”

तेवढ्यात दारातून स्वागतिकेने हाक मारली. एकचा रुग्ण येऊन बसला होता. “साडेपाचला सुटते मी,” रोवेना घाईने म्हणाली. “मला जेवायला घेऊन जा. इथेच ये.”

दुपारी तीनला, सहा महिन्यांत न पडलेला पाऊस आला. साडेपाचला ती बाहेर पडली तर तो त्याच जागी उभा. ओलाचिंब. केसांतून पाणी गळतंय.

“अरे देवा! साडेचार तास इथे आहेस?”

“हो.”

“ट्रकमध्ये बसता येत नव्हतं?”

त्याने काचेकडे बोट दाखवलं. आत, कोरड्या सीटवर, हॉपची कोरडी पिशवी ठेवली होती. तिच्यावर किल्ली. सगळी दारं लॉक झालेली.

“ओरडणार आहेस?” त्याने विचारलं.

“हो,” रोवेना म्हणाली. “पण आधी इकडे ये.”

तिने त्याची भिजलेली कॉलर दोन्ही हातांनी धरून त्याला खाली ओढलं, आणि भर पावसात, दवाखान्याच्या सगळ्या खिडक्यांसमोर, त्याचं चुंबन घेतलं. बराच वेळ. मग त्याच्या पाठीवर एक चापट मारून त्याला आपल्या गाडीकडे ढकललं. ओरडायचं ते तिने गाडीत बसल्यावर सुरू केलं, आणि तो हसत ऐकत राहिला.