कुंकू लावलेल्या चार डिस्क

दारावरची बेल वाजली तेव्हा शरण्याचं बोट लॅपटॉपवरच्या 'हो'वर टेकलं होतं. आणखी एक क्षण, आणि सगळा निकाल लागला असता.

हा 'हो' कसला, ते आधी सांगते. शरण्या लग्नांचे फोटो काढते. कुवेंपुनगरातल्या घराची पुढची खोली हाच तिचा स्टुडिओ, आणि टेबलाखाली बुटांच्या खोक्याएवढी एक काळी पेटी. तिच्यात चार डिस्क. काढलेलं प्रत्येक लग्न त्या पेटीत जमा व्हायचं. एखादी डिस्क बिघडली तरी बाकीच्या तिघी सांभाळून घेतात, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्या भरवशावर ही बाई कॅमेऱ्याची कार्डं खुशाल पुसून पुढच्या लग्नाला जात होती. बिचाऱ्या विकणाऱ्याला तरी काय ठाऊक, की या घरात खंडोजीराव राहतात!

खंडोजीराव म्हणजे तिचे अप्पा. बस डेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आयुधपूजेला एकेक बस धुऊन, पुसून, केळीचे खांब बांधून उभी करणारा माणूस. रिटायर झाला म्हणून काय गप्प बसणार? काल खंडेनवमीला त्यांनी घरातलं एकही यंत्र सोडलं नाही. पणजोबांची तलवार झाली, स्कूटर झाली, मिक्सर झाला, आणि मग नजर गेली टेबलाखालच्या पेटीवर. चारही डिस्क बाहेर ओढल्या, कापडाने पुसल्या, प्रत्येकीला गंध-कुंकू लावलं, शेवंतीचं फूल ठेवलं आणि दिल्या परत आत ढकलून. शरण्या शूटिंग आटोपून घरी आली तर पेटीवर लाल दिवा आणि सारखं टीं… टीं… टीं…

"आत न पुसता नुसतं वरून कुंकू लावायचं, ही काय पूजा झाली?" असं अप्पांचं म्हणणं. तिची आई बेंगळुरूला मावशीकडे गेलेली, त्यामुळे त्यांना दटावायलाही कोणी नव्हतं.

पोरीची रात्र कशी गेली ते विचारू नका. सकाळी स्क्रीनवर प्रश्न आला, पेटी नव्याने तयार करायची का? नव्याने केली की होईल सगळं ठीक, असं तिच्या घाबरलेल्या डोक्याने ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात ही बेल.

दारात हेल्मेट हातात घेऊन एक तरुण उभा होता. भुरभुर पावसाने शर्टाच्या बाह्या भिजलेल्या. चेहरा ओळखीचा… कुठे बरं पाहिला?

"मी सुधींद्र. हुणसूरच्या विद्याश्रीचा मोठा भाऊ. श्रावणात तिच्या लग्नाचे फोटो तुम्ही काढलेत ना, अल्वा?"

शरण्याने मागे टेबलाखाली एक नजर टाकली.

"आमचे आजोबा गेले हो, लग्नानंतर महिन्याभरात," तो म्हणाला. "शंभूराव."

"ऐकलं मी. फार वाईट वाटलं."

"त्यांनी जन्मात कुणाला फोटो काढू दिला नाही. घरात आहे तो आधार कार्डावरचा. त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. तुम्ही म्हणे मांडवात त्यांना हसवून एक फोटो काढला होता. आजी रोज विचारते. तो एक मिळाला तर…"

तो एक, आणि त्या लग्नाचे सगळेच, टेबलाखाली टीं टीं करत होते. खरं सांगून मोकळं व्हावं की नाही? पण नाही. "ते फोटो ना… ते एडिटिंगला दिलेत. दुसरीकडे. मिळतील तुम्हाला," असं ती चक्क त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. भीती माणसाकडून काय काय बोलवून घेते!

"काहीतरी ओरडतंय तुमच्या घरात."

"ते सुम्ने… उगाच. काही नाही."

"सुम्ने नाही ते. डिस्कची पेटी आहे. इथेच हेब्बाळला कंपनीत मी हेच सांभाळतो, दिवसभर कानात हाच आवाज असतो." आणि बूट काढून तो आतही आला. शरण्याने पुढे धावत जाऊन लॅपटॉप मिटायला हात घातला. स्क्रीन दिसली मात्र, तो ओरडला, "हात काढा! प्लीज… आधी तिथून हात काढा!"

"का?"

"'हो' दाबलं असतंत तर चारही डिस्क कोऱ्या झाल्या असत्या."

शरण्याने हात झटकन मागे घेतला.

सुधींद्रने पेटी बंद केली आणि एकेक डिस्क बाहेर काढली. लाल-पिवळ्या झालेल्या स्वतःच्या बोटांकडे बघत त्याने विचारलं, "हे… कुंकू आहे?"

"गंधही आहे," दारातून अप्पा म्हणाले. "सहाणेवर उगाळलेलं."

"अप्पा, चालत्या बसचं इंजिन काढलंत तुम्ही," शरण्या म्हणाली.

"अय्यो, आवाज कुठे होता? चालू असेल तर इंजिन आवाज करतं!"

सुधींद्रने ओठ चावले. हसू काही दाबलं गेलं नाही. कालपासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. शरण्याला रडू येत होतं, आणि तरी तीही हसली.

एका डिस्कच्या जोडणीच्या पट्टीत गंध वाळून घट्ट बसलं होतं. शरण्याने लेन्स साफ करायचा मऊ ब्रश आणला. तो डिस्क धरून उभा, ती ब्रश फिरवतेय, दोघांची डोकी जवळ आलेली… चंदनाचा मंद वास. त्याच्या अंगठ्याला कुंकू लागलं होतं, आणि ते बघायचं नाही असं ठरवूनही तिची नजर तिथेच जात होती.

"लग्नात तुम्ही मला रागावला होतात, आठवतं?" त्याने हळूच विचारलं.

"मी? कधी?"

"'ओ अण्णा, कॅमेऱ्याकडे बघू नका, नवरीकडे बघा!' सगळ्या मांडवासमोर. आजोबा केवढे खूश झाले होते."

"मग बघायचं नव्हतं ना कॅमेऱ्याकडे!"

"चुकलंच," तो म्हणाला आणि उगाचच डिस्क पुसायला लागला.

टेबलावर तिचा फोन वाजला. 'विद्याश्री हुणसूर.' शरण्याने झटकन फोन पालथा घातला. त्याने पाहिलं नव्हतं. निदान तिला तसं वाटलं.

परत आत घातल्यावर चारही डिस्क ओळखल्या जात होत्या, पण पेटी काही त्यांना एकत्र घेईना. "माझा कॉम्प्युटर आणतो, त्याला जोडून बघू," म्हणून तो गेला. आज दशमी, जंबू सवारीच्या, म्हणजे दसऱ्याच्या हत्तींच्या मिरवणुकीमुळे अर्धं गाव बंद. तो येईल? कशाला येईल? कोण लागतो तो आपला? ती खिडकीशी उभी राहिली. मग फाटकाशी. अप्पांनी दोनदा जेवायला बोलावलं. ती फाटकापासून हलेल तर शपथ. आणि गंमत म्हणजे, आपण वाट डिस्कसाठी बघतोय की त्या माणसासाठी, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. एका सकाळीत! आता काय बोलायचं या पोरीला?

तो आला, गल्लीबोळांतून, घामाघूम होऊन. डिस्क जोडल्या. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली.

"चारही जणी धडधाकट आहेत," तो म्हणाला. "पण एकमेकींशी बोलत नाहीत. काढताना एक आधी निघाली, एक नंतर, त्यामुळे प्रत्येकीचा हिशेब वेगळा. दोन मार्ग आहेत. एक, जबरदस्तीने जोडायच्या. संध्याकाळपर्यंत काम खलास. बहुतेक वेळा जमतं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर गेलं सगळं. दुसरा मार्ग, आधी प्रत्येक डिस्कची नक्कल करायची आणि जो काय खेळ करायचा तो नकलेवर. त्याला बरेच दिवस लागतील." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आत आहे तरी काय? जिवाभावाचं काही?"

आता सांग ना, बये! पण मग सकाळचं खोटंही कबूल करावं लागणार. सांगितलं तर हा उठून जाणार. ज्या डोळ्यांनी आता बघतोय, त्या डोळ्यांनी पुन्हा कधी बघणार नाही.

"काही नाही विशेष," ती म्हणाली. "जुनी… कामं."

"सरी. मग सरळ पहिल्याच मार्गाने जाऊ." त्याने ओळ टाइप केली. बोट एंटरवर गेलं.

"थांबा!"

तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"आजोबा यातच आहेत."

"काय?"

"तुमचे आजोबा. विद्याश्रीचं अख्खं लग्न यातच आहे. एडिटिंगला काही दिलेलं नाही, मी खोटं बोलले. कार्डंसुद्धा पुसून टाकलीत. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत ते."

त्याने हात सोडवून घेतला. उठला, व्हरांड्यात जाऊन पाठमोरा उभा राहिला. आतल्या खोलीत टीव्हीवर मिरवणुकीचा बँड वाजत होता. अप्पांनी आवाज बारीक केला. ती दाराच्या चौकटीपाशी थांबली. पुढे जायचा धीर होईना.

"मी दाबणारच होतो," तो न वळता म्हणाला. "माझ्याच हाताने गेले असते आजोबा."

"म्हणूनच…"

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कसली? मी ओरडेन म्हणून?"

"सकाळी ती होती," शरण्या म्हणाली. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं? "दुपारपासून दुसरी. तुम्ही परत येणार नाही, ही."

त्याने हेल्मेट उचललं. "डिस्कना हात लावू नका. चार रिकाम्या डिस्क लागतील," असं जणू पायरीलाच सांगून तो गेला.

तो येणार नाही असं ती रात्रभर स्वतःला बजावत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चार डिस्क घेऊन आला. तिच्याकडे न बघता नक्कल सुरू करून दिली, "उद्या येतो" म्हणाला आणि गेला. मग रोज संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. बोलणं फक्त डिस्कशी. दोन डिस्कची नक्कल सुरळीत झाली. तिसरी, ती गंधवाली, मध्येच अडायची. कट् कट् आवाज आला की शरण्या डिस्कला कान लावायची. कॉम्प्युटरपाशी ती अशी बसून असायची, जसं आजारी माणसाच्या उशाशी बसावं. सुधींद्र येऊन बघायचा. तिच्याकडेही बघायचा, पण ते ती मान खाली घातल्यावर.

"जेवलात?" एका संध्याकाळी त्याने विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

"अप्पा, ताट आणा," त्याने आत हाक दिली. "या जेवल्याशिवाय मी पुढचं काही करणार नाही."

अप्पांनी दोघांसाठी उप्पिट आणलं. मग तिथेच घुटमळले. "या नव्या डिस्क महाग असतील ना रे?"

"नाही अप्पा, माझ्याच आहेत. सिनेमे होते, पुसले."

"सगळे?"

"सगळे."

अप्पांनी कान धरले. "बेडा रे बाबा, नकोच. आता पूजा लांबूनच." शरण्या ताटात मान घालून जेवत होती. उप्पिट खारट लागत होतं, आणि त्यात अप्पांच्या हाताचा काहीच दोष नव्हता.

रविवारी सकाळी शेवटची नक्कल पुरी झाली. पुन्हा तीच ओळ, तेच एंटर.

"तुम्ही दाबा," तो म्हणाला.

"नको. तुमचे आजोबा."

"तुमचा फोटो."

शेवटी दोघांची बोटं एकावर एक टेकली. अक्षरं धावली… थांबली… पुन्हा धावली. शरण्याने डोळे गच्च मिटून घेतले. अंबाबाई, तुळजाभवानी, चामुंडेश्वरी, सगळ्यांना एकदमच साकडं.

"शरण्या," तो म्हणाला. नुसतं शरण्या. "डोळे उघडा."

स्क्रीनवर शंभूराव हसत होते. फेटा कानावर घसरलेला, तोंडात दातांचा पत्ता नाही, आणि हसू गालांत मावत नव्हतं. सुधींद्र बघतच राहिला. मग बाहीने डोळे पुसले, लपवलंही नाही.

"काय सांगून हसवलंत त्यांना?"

"म्हटलं, अज्जा, जरा मागे सरका. तुम्हाला बघून नवरी मत बदलेल."

तो रडता रडता हसला. कितीतरी वेळ हसला. मग एकदम म्हणाला, "झालं ना? हा एकच द्या मला. बाकीचं बंद करू या."

"असं कसं? सगळे नीट उघडतात का ते बघायला नको?"

"उघडतात हो. बेडा… राहू दे ना."

इतके दिवस ही घाबरलेली आणि तो शांत. आता याला काय झालं? शरण्याने पुढचा फोटो उघडला. अक्षता पडताहेत, सगळा मांडव नवरीकडे बघतोय. मागच्या रांगेत एक जण कॅमेऱ्याकडे. पुढचा. पंगत बसलीय, वाढताना एक जण थांबलाय, आणि बघतोय कॅमेऱ्याकडे. पुढचा, लाजाहोम. भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतोय, लाह्या ओंजळीबाहेर सांडताहेत, बहीण वैतागलीय आणि भाऊ… कॅमेऱ्याकडे!

सगळं लग्न तिने नवरीवर नजर ठेवून काढलं होतं. हे तिला दिसलंच नव्हतं.

ती सावकाश वळली. त्याचे कान लाल झाले होते.

"आजोबांचा फोटो… विद्याश्रीच्या फोनवर मागवता आला असता, नाही?"

"आला असता," तो म्हणाला. "ती मागवतच होती. मीच म्हटलं, मी जातो."

"आणि मी एवढं ओरडून सांगितलं होतं, कॅमेऱ्याकडे बघू नका!"

सुधींद्रने मान वर केली. पहिल्यांदाच त्याने नजर चुकवली नाही.

"मी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हतो."

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. आतून अप्पांची काळजीची हाक आली, "काय गं, मिळालं का?"

"मिळालं, अप्पा," शरण्या म्हणाली. लॅपटॉपकडे मात्र ती बघत नव्हती.