मास्तरांचा भाडेकरू

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. आता तिठ्यावर टपरी टाकून बसतो ना, तो सलूनवाला त्या रात्री दुकानाचं शटर ओढून इस्पितळाकडे निघाला. मास्तरांचा चष्मा नेऊन द्यायचा, एवढंच काम. गोष्ट खोटी वाटली तर खुशाल त्याला जाऊन विचारा, फक्त त्याच्या हातात वस्तरा असताना विचारू नका.

मास्तर चित्रकलेचे. त्या दुपारी शाळेतच कोसळले. तेव्हाचं सलून त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत होतं. घर मास्तरांचं आणि हा भाडेकरू, गल्लीला एवढंच ठाऊक. खरं म्हणजे वीसेक वर्षं दोघांचा संसार होता, नवरा-बायकोचा असतो तसाच. पण लोकांची तोंडं कोण धरणार? म्हणून दोघं अधूनमधून खिडकीत उभे राहून गळक्या नळावरून कडाकडा भांडायचे, शेजाऱ्यांना नीट ऐकू जाईल असे. भांडून झालं की आत जाऊन हसत चहा प्यायचे. दर रविवारी सलून उघडायच्या आधी मास्तर खुर्चीत बसून डोळे मिटायचे, हनुवटी वर करायचे आणि हा त्यांची दाढी करायचा. आधी डावा गाल, मग उजवा.

तर हा वर अतिदक्षता विभागाच्या दाराशी पोचला. सिस्टरने मान वर न करता विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?"

"भाडेकरू."

झालं. वीस वर्षांची सवय, जीभ आपसूक वळली. भाऊ म्हणाला असता तर कदाचित आत गेला असता. सिस्टरने चष्मा घेतला आणि त्याला खाली बसायला सांगितलं. मग मात्र त्याचा धीर सुटला. त्याने सगळं खरं सांगितलं. एकत्र राहतो, मीच त्यांच्या घरचा, एकदा हात धरू द्या.

बाई वाईट नव्हती. आवाज खाली आणून म्हणाली, "मला कळतंय हो. पण रक्ताचं नातं लागतं, नाहीतर लग्नाचं."

"आम्हाला लग्न करू कोण देतं, सिस्टर?"

तेवढ्यात मास्तरांचा भाऊ आला. कित्येक वर्षांत त्याने मास्तरांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण डॉक्टर आता सगळं त्यालाच विचारणार होते. त्याने याच्याकडे पाहिलं आणि वॉचमनला सांगितलं, की हा आमचा भाडेकरू, याला वर सोडू नका.

खाली जिन्याशी एक बाक होतं. हा तिथे बसून राहिला. बारा वाजून गेले. रविवार लागला. वॉचमन खुर्चीत पेंगत होता. त्याने दिवाही मालवला होता. उजेड काय तो रस्त्यावरचा.

मग जिन्यावर पावलं वाजली. अनवाणी. सावकाश…

मास्तर.

अंगात इस्पितळाचा झगा. हातावर सलाइनची पट्टी.

हा उठणार, तोच ते शेवटच्या पायरीवर बसले. डोळे मिटले. हनुवटी वर केली.

"मास्तर… वर कोण आहे तुझ्याजवळ?"

श्वासाचा आवाजही नाही…

तेव्हा त्याला कळलं. ओरडावं, तर कुणी येईल. कुणी आलं, तर हेही जाईल.

तो खाली वाकला. वस्तरा नव्हता. साबण नव्हता. नुसता अंगठा गालावर टेकवला. गाल थंडगार. कानापासून हनुवटीपर्यंत. पुन्हा कानापासून. अंगठ्याखाली खुंट निघत होते… खरंच निघत होते.

डावा गाल झाला.

त्याचा हात थांबला. उजवा झाला की मास्तर उठून जाणार.

"आज एवढीच," तो म्हणाला. "उरलेली घरी करू."



वर कुणीतरी धावलं. भावाचा आवाज आला. वॉचमनने दचकून दिवा लावला. पायरीवर कुणी नव्हतं.

सकाळी मास्तरांना खाली आणलं. भाऊ सिस्टरवर तणतणत होता, की हा काय चावटपणा? डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर आठवड्याचे पांढरे खुंट. ती शपथेवर सांगत होती, की रात्रभर मी समोर होते, कुणी जवळ गेलं नाही.

सलूनवाला पुढे झाला. म्हणाला, "दुसरा गाल मी करतो. पाच मिनिटं द्या, मग न्या."

"भाडेकरूने एवढं कशाला करायचं?" भाऊ म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला. वर हेही सांगितलं, की पुढच्या महिन्यात दुकान मोकळं करून द्या.

स्ट्रेचर गाडीत चढवला. चादर ओढताना सिस्टरचा हात थांबला. मास्तरांच्या डाव्या कानामागे साबणाचा फेस होता, अजून ओला. भावाने तो रुमालाने पुसला आणि गाडीचं दार लावून घेतलं.