हॉटेल हिरवळमधलं पाळीव भूत

"पप्पा, स्विमिंग टँकमध्ये शेळी आहे!"

गणराज टॉवेल खांद्यावर टाकून धावत गेला होता, तो तसाच कोरडा ठणठणीत परत आला. करिष्मा आणि जास्मिन बघायला पळाल्या, तर खरंच! टँकमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. तळाशी वाळका पाला साचला होता आणि एक काळी शेळी त्यातला बरा बरा निवडून खात होती.

"कूपनवर हरणाचा फोटो होता," जास्मिन म्हणाली. "ते कुठंय?"

"हेच असेल! फोटो लांबून काढला असेल," गणराज म्हणाला.

करिष्मा तेरा वर्षांची, गणराज तिचा नऊ वर्षांचा भाऊ, आणि जास्मिन शेजारची, करिष्माच्याच वर्गातली. तिघंही दिघीची. करिष्माचे पप्पा, सुजित, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, कामाला होते. कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात त्यांच्या घोषवाक्याला पहिला नंबर मिळाला आणि बक्षीस म्हणून हे कूपन आलं. चाकणच्या पुढं, जुन्या रस्त्यावर, हॉटेल हिरवळमध्ये शनिवार-रविवार मुक्काम! आठवडाभर मुलांना दुसरा विषय नव्हता.

आणि प्रत्यक्षात? हिरवळ फक्त पाटीवर उरली होती. तिन्ही बाजूंनी कंपन्यांच्या उंच भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्या सावलीत हे बसकं, कौलारू हॉटेल अंग चोरून बसलं होतं. खोलीतल्या गादीत माणसाच्या आकाराचा खळगा पडला होता. उशीला खोबरेल तेलाचा वास येत होता. बाथरूममधल्या मगात एक टूथब्रश होता, आणि तो ओला होता!

"आपल्या आधी कुणीतरी होतं इथं," करिष्मा म्हणाली.

"हॉटेल आहे गं, असणारच," आई म्हणाली. आईचं नाव विजयश्री. ती काही सहजासहजी घाबरणारी नव्हती. "चला, चहा घेऊ. पप्पांना झोपू द्या, रात्रभर थर्ड शिफ्ट करून तसेच आलेत."

मॅनेजर खंडूभाऊंनी चहाबरोबर भुताची गोष्टही आणून दिली.

"खेळा, बागडा, पर मागच्या चाळीकडं जायाचं न्हाई," ते दबक्या आवाजात म्हणाले. "नऊ नंबरची खोली वीस वर्सं बंद हाय. एक ट्रकवाला उतरला होता तिथं. सकाळी दार उघडलं तर नुसती चप्पल! तवापासून आतून दार ठोकतोय."

गणराजच्या हातातलं बिस्कीट चहात पडून बुडालं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

करिष्माचं मात्र खंडूभाऊंकडं लक्ष होतं. भुताची गोष्ट सांगणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. ती मजेत सांगतात, डोळे मोठे करतात. खंडूभाऊ सारखे मागच्या चाळीकडं वळून बघत होते. बशीत चहा सांडला तो त्यांनी पुसलासुद्धा नाही.

चहा झाल्यावर तिघं जण सरळ मागच्या चाळीकडं निघाले. जायचं नाही म्हटल्यावर जाणार नाहीत ती मुलं कसली!

मागं एक लांब बोळ होता. एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला कंपनीची भिंत. ऊन तिथं पोचतच नव्हतं. पाच वाजताच दिवेलागणीची वेळ झाल्यासारखं वाटत होतं. बोळाच्या तोंडाशी लिंबू-मिरची टांगली होती, अगदी ताजी. सहा, सात, आठ... आणि शेवटची खोली नऊ. दाराला बाहेरून कुलूप.

"बघितलं? काही नाही. चला," गणराज घाईघाईनं म्हणाला.

ठक. ठक. ठक.

तिघंही जागच्या जागी थिजले. आवाज दाराआडूनच आला होता.

"खंडूभाऊ खरं सांगत होते!" गणराजनं जास्मिनचा हात इतका घट्ट धरला की ती कळवळली.

करिष्माला पळावंसं वाटत होतं, पण काय करतोय हे कळायच्या आत तिनं हात पुढं केला आणि दारावर बोटांनी वाजवलं. दोनदा.

आतून उत्तर आलं. ठक. ठक.

दोनदाच!

मग मात्र तिघं असे पळाले, की स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊनच थांबले.

तिथं हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या गोजाबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मुलांची तोंडं बघितली आणि न विचारताच ओळखलं. "गेला व्हता ना तकडं? ऐकलंत ना?"

"तुम्हीपण ऐकलंय?"

"व्हय गं बाय! काल राती पयल्यांदा ऐकलं. आज सकाळी भांडी घासाया गेले तवा तर लईच जोरात व्हतं. दुपारनं कमी झालं."

करिष्मा दचकली. "पहिल्यांदा काल? खंडूभाऊ म्हणाले, वीस वर्षं ठोकतंय."

"ते आपलं सांगायाचं. इतकी वर्सं चूल फुंकतीय मी हितं, कधी असली ठोकठोक ऐकली न्हाई तकडून. अन् काल खंडूच माझ्याआधी पळाला! त्यानंच टांगली ती लिंबू-मिरची."

भूत वीस वर्षांचं आणि आवाज कालचा! करिष्माला हे काही पटेना. तिनं दोघांना घेऊन चाळीला वळसा घातला आणि नऊ नंबरची खिडकी शोधली. बाहेर गज, आत काच. आणि काचेमागं चौकटीला एक चॉकलेटी घोंगडी खिळे मारून लावलेली.

करिष्मा त्या घोंगडीकडं बघतच राहिली.

"जास्मिन, आमच्या बेडरूमच्या खिडकीला काय असतं?"

"घोंगडी. पप्पा थर्ड शिफ्टला असले की. आमच्याकडंपण अब्बू रात्रभर गॅरेजमध्ये काम करून आले की अम्मी चादर लावते." जास्मिन बोलता बोलता थांबली. "करिष्मा, भुताला कशाला अंधार करून झोपायला लागतंय?"

"इथं माणसं राहतात," करिष्मा हळूच म्हणाली. "शिफ्टवाली माणसं. आपल्या खोलीतला तो ओला ब्रश, तो गादीतला खळगा... खंडूभाऊ सगळ्या खोल्या कामगारांना देतात आणि आपल्यासारखे पाहुणे आले की त्यांना बाहेर काढतात. कुणी मागं जाऊन बघू नये म्हणून भुताची गोष्ट!"

"मग ठोकतंय कोण?" गणराजनं विचारलं.

त्याचं उत्तर तिघांनाही एकदमच कळलं आणि भुतापेक्षा जास्त भीती त्यांना आता वाटली. आत एक जिवंत माणूस होता. कालपासून. आणि त्याचा आवाज कमी कमी होत चालला होता.

करिष्मा खोलीकडं धावली. पण दारातच आईनं अडवलं. "श्श! पप्पांना आत्ताच डोळा लागलाय."

"आई, नऊ नंबरमध्ये माणूस कोंडलाय!"

"पाइपात हवा अडकली असेल गं. जुन्या इमारतीत असं वाजतं. आणि खंडूभाऊंच्या गोष्टी मनावर घेऊ नका."

"आई, मी दोनदा वाजवलं तर त्यानंपण दोनदा वाजवलं!"

"करिष्मा, पुरे. रात्रभर उभे होते ते."

करिष्माच्या डोळ्यांत पाणी आलं. आईचा राग नव्हता आला, पण इतकी खरी गोष्ट इतक्या सहज उडवून लावली याचं तिला फार वाईट वाटलं. ती पुन्हा बोळात पळाली. यावेळी तिनं पाच वेळा वाजवलं आणि दाराला कान लावला.

बऱ्याच वेळानं एकच आवाज आला. तोही दारावर नाही, खाली, फरशीजवळून.

"किल्ली!" ती ओरडली. "आत्ताच्या आत्ता!"

किल्ल्यांचा जुडगा खंडूभाऊंच्या कमरेला असायचा. तिघं काउंटरकडं गेले, तेव्हा खंडूभाऊ खंडोबाच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावत होते आणि जुडगा समोर काउंटरवर पडला होता.

"नऊ नंबरची किल्ली द्या, आत माणूस आहे," जास्मिन म्हणाली.

"माणूस न्हाई पोरी!" खंडूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. "काल मी सवता बघून कुलूप घातलंय. दाराबाहेर एक बूट नव्हता. बूट न्हाई म्हंजी माणूस न्हाई, हा माझा हिशेब कधी चुकत न्हाई. मी खोटं बोललो गं, म्हणून खरंच आला तो! कुणी त्या दाराला हात लावायचा न्हाई!" आणि त्यांनी जुडग्यावर पंजा ठेवला.

यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. स्वतः पाळलेलं भूत त्यांच्याच मानगुटीवर बसलं होतं. करिष्मानं गणराजकडं पाहिलं, मग काउंटरमागच्या लाकडी भिंतीकडं. भाऊ असा उगाच नव्हता तिचा! तो मागच्या मागं सटकला.

क्षणभर सगळं शांत होतं. आणि खंडूभाऊंच्या पाठीला लागूनच वाजलं. ठक! ठक! ठक!

"आरं देवा खंडोबा! हितं आला!" उदबत्ती एकीकडं, खंडूभाऊ दुसरीकडं! अनवाणी जे सुटले ते थेट रस्त्यापर्यंत. भिंतीआडून गणराज गोजाबाईंचा भाजी वाढायचा डाव घेऊन बाहेर आला. किल्ल्या करिष्माच्या हातात होत्या.

जुडग्यात तीसेक किल्ल्या, एकीवरही नंबर नाही. पण जास्मिनच्या अब्बूंचं भोसरीला गॅरेज होतं. कुलपं, नट, पाने यातच ती वाढली होती. "कुलूप नवीन आहे, पितळी. जुन्या लोखंडी किल्ल्या सोडून दे," ती म्हणाली. तिसरीच किल्ली फिरली.

दार उघडेना. काहीतरी आडवं आलं होतं. तिघांनी खांदे लावून हळूहळू रेटलं. आत किर्र अंधार, बटण दाबलं तर दिवा लागेना. खोलीतून तापलेल्या अंगाचा, कोंदट वास आला. दाराला टेकून, हातात स्टीलचा चमचा धरून, वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा पडला होता. ओठ फुटले होते. डोळे उघडे होते, पण समोर कोण आहे हे त्याला दिसत नसावं.

"पाणी आण गणराज! पळ!"

त्या मुलानं करिष्माचा आवाज ऐकला. त्याचे ओठ हलले. ती वाकली.

"खाडा पडला का हो माझा?" तो पुटपुटला.

करिष्माला रडू फुटलं. मरणाच्या दारात पडलेला हा माणूस कामावर गैरहजेरी लागली का म्हणून विचारत होता! ती उठली आणि खोलीकडं धावत सुटली. यावेळी आईचं 'श्श' तिनं ऐकलंच नाही. "पप्पा, उठा! उठा पप्पा!"

पप्पा उठले. प्रेसच्या धडधडीत वीस वर्षं काढलेल्या त्यांच्या कानांना त्या दाराची ठकठक कधीच ऐकू आली नसती. पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही. त्या मुलाला खांद्यावर घेऊन ते गाडीकडं धावले. आई मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. चाकणचा दवाखाना येईपर्यंत ती ओल्या ओढणीनं त्याचं तोंड पुसत होती.

रविवारी सकाळी दवाखान्यात सगळा उलगडा झाला. मुलाचं नाव रोहिदास. गाव बीडकडचं. शुक्रवारी अंगात ताप होता म्हणून तो कामावर गेला नाही. त्याच्या जोडीदाराचे सेफ्टी शूज फाटले होते आणि बुटाशिवाय कंपनीच्या गेटवर कुणी आत सोडत नाही. तो रोहिदासचे बूट घालून गेला. पाहुणे येणार म्हणून खंडूभाऊ मागच्या खोल्या आदल्या दिवशीच रिकाम्या करत आले. दाराबाहेर बूट नाहीत म्हणजे आत कुणी नाही, असं धरून त्यांनी आत न डोकावताच कुलूप लावलं आणि चाळीचा फ्यूज काढून नेला. तापाच्या गुंगीतून रोहिदास जागा झाला तोवर फोन बंद पडला होता, ओरडून घसा बसला, उरला फक्त चमचा. कुलूप बघून जोडीदाराला वाटलं, हा चऱ्होलीला भावाकडं गेला असेल.

"आणखी एक रात्र गेली असती, तर मला काही करता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "कुणी आणलं याला?"

पप्पांनी मुलांकडं बोट दाखवलं. डॉक्टरांनी उठून तिघांशी हात मिळवला, अगदी मोठ्या माणसांशी मिळवतात तसा.

हॉटेलच्या मालकीणबाई इंदुताई चिंचवडहून आल्या होत्या. त्यांच्यामागं खंडूभाऊ मान खाली घालून उभे होते. "दोन वर्षं मी तिकडं फिरकले नाही," इंदुताई म्हणाल्या. "खंडूचं चुकलं, त्याचा जबाब पोलीस घेतीलच. पण माझंही चुकलं. आजच त्या चाळीच्या बाहेरच्या सगळ्या कड्या काढून टाकते. मुलांनो, तुम्ही माझ्या हातून घडणारं पाप टाळलंत."

आईनं करिष्माला जवळ ओढलं आणि ती म्हणाली, "मी ऐकायला हवं होतं गं. चुकले मी." आई असं कधी म्हणत नसे.

तेवढ्यात रोहिदासनं कॉटवरून फोन पुढं केला. त्याची आई गावाहून बोलत होती. तिला मुलांशीच बोलायचं होतं.

"दार कुणी उघडलं ग माय?" पलीकडून थकलेला आवाज आला.

"आम्ही तिघांनी, मावशी."

"तिघांची नावं सांग. सावकाश सांग, मला लिहिता येत न्हाई, ध्यानात ठिवावी लागतेत. रोज दिवा लावताना माझ्या लेकराचं नाव घेते. त्याच्या मागं तुमची घेईन."

करिष्मानं एकेक नाव सांगितलं, आणि ती माउली प्रत्येक नाव दोनदा म्हणून बघत राहिली.