हौसाची गाठ

गुलाब्या, हास तू. पन आधी आयक, मंग हास.

हे कोनाच्या तोंडून आयकलेली गोष्ट नाई. माया सोताच्या आंगावर घडलेली हाय. यात एक शब्द खोटा असन तं माया वाफ्यातलं एक वांगं धड राहू नये.

अन् रातची बी नाई बरं. भुतं रातचीच येतेत असं कोनं सांगतलं तुमाले? भर सकायची गोष्ट हाय. सन सदतीस, यंदाचाच माघ. रिसोडपासून दोन कोसावर पैनगंगेचा डोह.

सोमवार होता. पक्की याद हाय, कारन मायले उपास होता. निंघताना म्हने, "जान्या, आज मासोई घरात आनशीन तं तुलेच तव्यावर टाकीन!"

झालं असं का माया बहिनीचा नवरा, भगवंतराव भाऊजी, मुंबईहून आले होते. तिकडं गोदीत कारकून हायेत. आले तवापासून एकच रट. समुद्र असा अन् समुद्र तसा.

"आमच्याकडे माहितगार नावाडी घेऊन जातो. काठाकाठाने, अर्धाच दिवस. मासे धरायचे, दुपारी घरी जेवायला. तुमच्याकडे कुठलं असायला असं, जानराव?"

म्या म्हनलं, "हाय ना! आमच्याकडं पुंजाजी भोई हाय!"

माया तोंडालेच आग लागो...

पुंजाजी काका पाव्हन्यांले डोंगीत बसवून मासे धराले न्याचा. डोंगी म्हंजे कोरलेलं लांब खोड. तीन-चार मानसं बसतेत. सकायी न्याचं, दुपारच्या भाकरीले वापस. काठाकाठानंच. डोहाच्या मधात कधीच नाई.

आमी त्याले टोपलंभर वांगे नेले. काठावर जांभयाचं झाड, त्याच्या फांदीले एक दोरी लोंबत होती.

"गाठ मारा," काका म्हनला. "पान्यात जाते त्यानं एक गाठ माराची. वापस आला का सोडाची. ज्याची त्यानं. दुसऱ्याच्या गाठीले हात लावाचा नाई."

भाऊजी हासले. "गोदीत हजेरी घेतात, तसंच की हे!"

भाऊजीनं मारली. म्या मारली. काकानं मारली.

तीन मानसं. तीन गाठी.

पन दोरीवर चार होत्या...

चवथी सगळ्याइच्या खालते. लहानशी. उनपान्यानं कायी पडलेली.

"काका, हे कोनाची?"

काकानं डोंगी पान्यात लोटली.

धुकं असं होतं का सोताचा हात दिसेना. ना पाखरू, ना बैलाची घंटी. नुसता काकाच्या बांबूचा आवाज. चुबुक... चुबुक...

भाऊजी समोरच्या टोकावर बसाले गेले.

"तिथं नोका बसू, साहेब."

"का बरं? रिकामीच आहे की जागा."

"नाई."

एवढंच म्हनला. भाऊजी मुकाट्यानं मधात बसले. मी त्याहिच्या पुढं, टोकाच्या जवय. तवाच पाह्यलं म्या. टोक रिकामं होतं, अन् तरी पान्यात दबून राह्यलं होतं.

जसं कोनी बसेल हाय...

म्या म्हनलं, जान्या, तुले धुक्यानं भासून राह्यलं.

गरीले कनकेची गोयी लावून आमी पान्यात सोडल्या. भाऊजीले दोन मासोया भेटल्या. मंग काय इचारता! "एवढ्याशा आम्ही समुद्रात परत सोडून देतो," म्हने, अन् दोन्ही जपून फडक्यात बांधल्या.

काकानं भाकर काढली. एक तुकडा भाऊजीले, एक मले, एक सोताले. चवथा समोरच्या टोकावर ठेवला.

भाऊजीनं डोया मारला. "मासे पंगतीला येणार वाटतं."

मी हासलो. गरीचा गुंता झाला होता, थो सोडवाले खाली पाह्यलं. वर पाह्यलं तं...

तुकडा नव्हता.

लाकडावर पाच बोटं उमटेल होती. वली. एवढीशी...

भाऊजीचं तोंड जे बंद झालं, थे थेट काठापर्यंत. पन मायी जीभ कुठं थांबते! "काका... कोन हाय तिथं?"

पुंजाजी काकानं बांबू थांबवला.

"मायी हौसा हाय. सात वर्साची होती. दोन सालं झाले. रोज संग ये, तिथंच बसे. त्या दिवशी डोंगीत दोन पाव्हने होते. मासोई लागली म्हून दोघं बी उभे राह्यले. डोंगी पलटली."

बोलताना थो टोकाकडंच पाहत होता.

"आमचा कायदा हाय, पोरा. डोंगीत बसवला थो पाव्हना पयले काढाचा. म्या एकाले काढलं. मंग दुसऱ्याले. थे वरडून राह्यली, 'बाबा, मले! बाबा, मले!' म्या म्हनलं, आलो बाई, आलोच... अन् पलटून पाह्यलं."

डोह सपाट होता.

"सापडलीच नाई. पन गाठ तिनं सोताच्या हातानं मारली होती. गाठ हाय तवरोक थे पान्यावर हाय. रोज येते. मी रोज सांगतो, आता तुलेच पयले काढतो, बाई. पन मायाकडं तोंडच करत नाई. पाठ देऊन बसते. एक दिवस पाहीन मायाकडं. तवरोक मी हे डोंगी सोडत नाई."

अन् तेवढ्यात...

मायी करंगयी कोनी तरी धरली.

थंडगार. गच्च.

म्या हात ओढला नाई. भेव तं असं वाटलं का दातखीय बसन. पन आमची धाकटी बाजारात अशीच करंगयी धरते, रे. सोडतच नाई. मले रडूच आलं.

काठ लागला. भाऊजीनं आपली गाठ सोडली अन् सिद्धे बंडीत जाऊन बसले. काका मायाकडं पाठ करून डोंगी ओढत होता. म्या मायी गाठ सोडली.

आता हे आयका. गावात म्या सगळ्यांले सांगतलं का थे लहानी गाठ चुकून सुटली. बोटं गारठले होते, कोनती कोनाची समजलं नाई.

खोटं हाय थे.

म्या जानून सोडली.

मले वाटलं, दोन सालं झाले, लेकरू थंड पान्यात हाय. येऊ दे वापस. मोकयं होऊ दे. मायी करंगयी काय उगीच धरली तिनं?

दोन सालाची गाठ दातानं बी सुटाले नाई पाह्यजे. म्या नख लावलं तं सर्रकन सुटली. जशी वाटच पाहत होती...

मांगं आवाज झाला.

डोंगीचं टोक पान्यातून टपकन वर आलं होतं.

काका तसाच पान्यात शिरला. कमरेइतका. त्या टोकावर हात फिरवला. एकदा. दोनदा.

"हौसा?"

"...हौसा, आलो बाई."

म्या म्हनलं, "काका, चुकून सुटली हो..." लगे हात दोरीले गाठ मारली. उलगडली. पुन्ना मारली. उलगडली. तीन बार.

गाठ बसतच नाई.

काकानं मले शिवी देली नाई. देली असती तं बरं झालं असतं, गुलाब्या.

घरी आलो. माय दारातूनच वरडली, "हे कोनाची पोरगी धरून आनली रे संग?"

म्या मांगं पाह्यलं. कोनी नाई.

माय डोये चोयत म्हने, "होती ना आता... वल्ल्या परकराची..."

तवापासून आमच्या ओट्याचा एक कोपरा सुकत नाई. चैताच्या उन्हात बी सुकला नाई.

पयल्याच बाजाराच्या दिवशी पुंजाजी काका दारात उभा. कसं समजलं त्याले, देव जाने. हातात चिंचा. कोपऱ्याजवय बसला. "हौसा, बाबा आला."

ओल हालली...

एक पाऊल उमटलं. दुसरं. त्याच्याकडं नाई. मायाकडं. माया पाठीमांगं. अन् करंगयी गच्च.

काकानं सगळं पाह्यलं.

"मायं भेव वाटते तिले," थो म्हनला. "वाटनच." वल्ल्या पावलाइकडं पाह्यलं. "तुयाजवय बरी हाय थे. जेवते काय?"

"जेवते, काका." मले काय मालूम होतं? पन दुसरं काय सांगू?

चिंचा ठेवून गेला. संध्याकायी पाह्यलं तं ओट्यावर चिंचोके. चोखून साफ. एका लायनीत मांडेल...

पुढच्या बाजारी म्या थे त्याच्या हातावर ठेवले. म्हातारा पाहतच राह्यला. मंग धोतराच्या सोग्यात बांधले अन् वरून गाठ मारली.

थे गाठ मात्र बसली.

असे सात बाजार आला. सातव्या बाजारी थे माया मांगं लपली नाई. ओट्याच्या मधात थांबली. तिचं तोंड कुठं होतं, कसं सांगू? दिसत नाई ना. पन वल्ल्या पावलाची बोटं... त्याच्याकडं होती.

काका लहान लेकरावानी रडला. जाता जाता म्हने, "पुढच्या बाजारी परकर आनतो इच्यासाठी. लाल."

थो आला नाई.

गावातला लखीराम बंडी घेऊन तिकडून आला, त्यानं सांगतलं. काका पुन्ना डोंगी घेऊन गेलता. एकच खेप, परकरासाठी. दोन पाव्हने होते. डोंगी पलटली.

पाव्हने दोघं बी वाचले. काकानं पयले त्याहिले काढलं...

जांभयाच्या दोरीवर आता एकच गाठ हाय म्हनते. मोठी. मी गेलो नाई पाहाले. गेलो तं हात लावल्याशिवाय राहवनार नाई, अन् एकदा हात लावून काय झालं थे पाह्यलं... नाई रे बाप्पा. ज्याची त्यानं.

आज बाजार हाय.

सकायी उठून पाह्यलं तं ओट्याचा कोपरा कोरडा. मायनं सुटकेचा श्वास सोडला.

पन मी फाटकापर्यंत गेलो.

ओल तिथं हाय. दोन पावलं, जवय जवय. बोटं रस्त्याकडं...

आता दुपार होऊन राह्यली, गुलाब्या. थे तिथंच उभी हाय. मले घरी जाताना तिच्या आंगावरून जा लागते.

तिले काय सांगू?