ट्रेंचंट

गोंदियाच्या अभ्यासिकेत पंख्याखालची खुर्ची एकच. तिच्यावर दुर्पताची ओढणी ठेवलेली, आणि भुपेंद्र बिनधास्त त्या ओढणीवर बसला.

"खुर्चीले थंडी वाजून राहिली म्हणून ओढणी टाकली का मी?"

तो दचकून उठला. ओढणी झटकून हातात देताना जरा जास्तच वेळ बघत म्हणाला, "बाप रे… काय ट्रेंचंट बोलता तुम्ही!"

झालं! दुर्पताचे बाबा सालेकशाचे वनमजूर. पावसाचं पाणी अडवायला डोंगरउतारावर ट्रेंच खोदण्यात त्यांची हयात गेली. ट्रेंच म्हणजे काय, हे हिला कोणी शिकवायला नको होतं.

"खड्डा आहे का मी?"

"नाही हो! म्हणजे धारदार, कापणारं—"

"मंग विळा?"

"विळ्याला आता नाही लावत तो शब्द. टीकेला लावतात, विनोदाला, बोलण्याला…"

"आन् डोकं खाणाऱ्याले काय लावतात?"

कामठ्याच्या या शेतकरीपुत्राचं दुखणं तिला पुढे कळलं. पंख्याखालची जागा तो रोज तिच्यासाठी राखायचा. पण काऊन राखता, असं विचारलं की कान लाल! शब्दकोश तोंडपाठ, आणि कामाचा शब्द बाहेर निघेल तर शपथ. वैतागून तिने खुर्ची बदलली. दुसऱ्याच दिवशी परत आली. उकाडा होता, म्हणे.

आता त्याला नागपूरला नोकरी लागली होती. इकडे तिला बघायला परवा पाहुणे येणार होते. तेही तिने त्याच्या कानावर घातलं होतं. आणि गाडी सुटायच्या वेळी हा प्लॅटफॉर्मवर म्हणतो काय…

"दुर्पता, स्नेह आणि जिव्हाळा, यांत तसा बारीक फरक आहे—"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निव्वळ रागाचं.

"एकच वाक्य बोला. ट्रेंचंट! नाही तं चढा गाडीत."

भोंगा वाजला. भुपेंद्रने हातातली बॅग खाली ठेवली.

"लग्न करतेस… माझ्याशी?"

"करतो," ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा उजळला, की लगेच जीभ सुटली. "तुला सांगतो, ट्रेंच आणि ट्रेंचंट एकाच कुळातले शब्द आहेत. दोघांच्या मुळाशी कापणंच—"

"चूप!" तिने ओढणीचं टोक त्याच्या तोंडावर धरलं. "बाबा सांगते, ट्रेंच खोदला का पाणी पळून जात नाही. तिथंच मुरते."

गाडी हलली. भुपेंद्र चढायचंच विसरला.

"मुरलो," तो ओढणीआडून म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याने शब्दाचा अर्थ सांगितला नाही.